बारदान वजा

मी तोलणार. तुर्भ्याच्या मार्केटात, कांदा-बटाट्यात.
काटा बघायचा आणि आकडा ओरडायचा, हे माझं काम.
पन्नास चारशे. एकावन्न. एकोणपन्नास सहाशे.
तेवीस वर्षं तोंडातून नुसती वजनं निघतायत,
म्हणून असेल, घरी आल्यावरही पहिला प्रश्न तोच:
किती मिळाले?

ईश्वरी सहावीत. कोपरखैरण्याच्या शाळेत.
दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं.
सोमवारी दुखायचं, बुधवारी दुखायचं,
रविवारी अजिबात नाही.
डॉक्टर म्हणाले, पोटाला काही झालेलं नाही.
बायको म्हणाली, ते मला कधीचं ठाऊक आहे.

मग मला जे येतं ते मी केलं.
ऐंशी टक्के आण, सायकल घेतो म्हटलं.
वरच्या मजल्यावरची शेलारांची मुलगी दाखवली.
जावळीतून दोन कपड्यांनिशी आलेला मी दाखवला
(हा माल मी वर्षातून चारदा तरी बाहेर काढतो).
ती ऐकत होती.
खरं तर फरशीवरची मुंगी बघत होती.

एका सकाळी दप्तर घेऊन उंबऱ्यातच थांबली.
ना आत, ना बाहेर.
जड आहे, म्हणाली.
मला काय सुचलं कोण जाणे,
माळ्यावरचा ताणकाटा काढला,
दाराच्या कडीला अडकवला, त्याला दप्तर.
चार किलो तीनशे.
डबा काढला. पाण्याची बाटली काढली.
भूगोल, मराठी, वह्यांची चळत, कंपासपेटी.
शेवटी पिशवीत गणित एकटं:
दोनशे ऐंशी ग्रॅम.
एवढंसं तर आहे गं. कोथिंबिरीची एक जुडी.

"त्यातला कागद पण मोजा, पप्पा."

घडीवर घडी, एसटीच्या तिकिटाएवढी.
अपूर्णांक. वीसपैकी चार.
खाली पालकांच्या सहीच्या जागी
माझं नाव, पेन्सिलीने,
तीनदा लिहून तीनदा खोडलेलं.
काट्याला लावला.
काटा हललासुद्धा नाही.

आमच्यात रीत आहे. गोणीसकट तोलायचं,
मग बारदान वजा करायचं. उरेल तो माल.
त्या दिवशी मी कामावर उशिरा गेलो.
उंबऱ्यात बसून वजा करत राहिलो.
शेलारांची मुलगी, वजा.
सायकल, वजा.
जावळी, एसटी, दोन कपडे, वजा.
माझं दहावीला राहिलेलं गणित,
हे जरा जड निघालं,
तेही.

मग विचारलं, काल शाळेत काय झालं?
मार्क नको सांगूस.
बराच वेळ काही नाही.
मग बुटाची नाडी बांधता बांधता:
म्हात्रे बाईंच्या हातून लोहचुंबक पडला. दोन तुकडे.
पण दोन्ही तुकड्यांना उत्तर होती
आणि दोन्हींना दक्षिण.
"आणि अजून तोडला तर?"
"तरीपण."
"त्याचेही तुकडे केले तर?"
"तरीपण, पप्पा! तुम्हाला कळतच नाही,"
म्हणत ती जिना उतरायला लागली,
मला समजावत, एकेक पायरी,
दप्तर माझ्या खांद्यावर.

संध्याकाळी भंगारवाल्याकडून
फुटक्या भोंग्यातला चुंबक आणला.
दोऱ्याने तिने तो मैदानभर मातीतून ओढला.
काळी मिशी फुटली त्याला.

अपूर्णांक आम्ही दोघं करतो आता, रोज तीन.
त्यातले दोन माझे चुकतात.
अर्धा आणि पाऊण म्हणजे सव्वा,
हे माझ्या हातांना कधीचं येतं,
का, ते तिने छेद सारखे करून दाखवलं.

पुढच्या चाचणीत सात.
सही मी पेनाने केली, नेहमीपेक्षा जरा मोठी.
सोमवारी अजून कधीतरी पोट दुखतं.
त्या दिवशी आम्ही जिना हळू उतरतो.